झाकलेल्या ताटाचं कार्ड

मी काय काम करते, हे एका वाक्यात सांगायला मला अजून जमलेलं नाही. पहिल्या वर्षी मी सांगायचे, "मुलांना चित्रांची कार्डं देते." त्यावर पारावर बसलेल्या एका काकांनी फार गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "रमी का तीन पत्ती?" त्या दिवसापासून त्या गावात माझं नाव 'पत्तेवाल्या म्याडम' पडलं. टमटममधून उतरले की पोरं ओरडत आधी पुढं पळायची आणि मी पिशवी पोटाशी धरून, खाली बघत मागून जायचे. घरी वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "कॉलेजात हेच शिकवतेत का?"

वडील मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमाली करतात, आई रोजानं खुरपायला जाते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. परभणीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मानवतला विशेष मुलांसाठी दोन खोल्यांचं एक केंद्र चालतं, तिथं तीन वर्षं मदतनीस आहे. शनिवारी जवळच्या एका गावात घरी जाऊन शिकवायचं कामही माझ्याकडं आहे. दिवाळी अंकात अनुभव लिहायला तीन वर्षं म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं. पण एका मुलाच्या केसांची गोष्ट माझ्याजवळ आहे. खरं तर ती त्याच्या आजीची आहे. आजीला लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिते.

आधी आमचं कार्ड म्हणजे काय ते सांगते. हाताच्या पंजात मावेल एवढा जाड कागद, त्यावर एका वस्तूचं चित्र किंवा फोटो, वरून लॅमिनेशन, आणि मागं मुलांच्या बुटाला असते तशी चिकटणारी पट्टी. अशी कार्डं एका वहीत ओळीनं लावलेली असतात. ज्याला बोलता येत नाही त्या मुलानं हवं ते कार्ड चर्रकन उपटायचं आणि समोरच्याच्या हातात द्यायचं. पाण्याचं दिलं की पाणी, केळाचं दिलं की केळ. बघणाऱ्याला वाटतं, आम्ही चित्रं ओळखायला शिकवतो. चित्र ओळखणं सोपं असतं. आपण काही दिलं तर समोरचा माणूस ऐकतो, हे मुलाला पटणं अवघड असतं. बोलणं म्हणजे तरी शेवटी दुसरं काय असतं?

सुरुवातीला दोन माणसं लागतात. एक समोर, खाऊ घेऊन. दुसरं मुलाच्या मागं, त्याचा हात अलगद कार्डाकडं नेणारं. मागच्यानं एक शब्दही बोलायचा नाही. आमच्या भागात सगळं मिळतं, पण गप्प बसणारं माणूस मिळत नाही. पहिल्या दिवशी नरूच्या, म्हणजे त्या केसांच्या गोष्टीतल्या मुलाच्या, मागं त्याची आजी बसली होती. मी तीनदा सांगितलं, बोलायचं नाही. त्यांनी तीनदा मान हलवली. आणि मग, "घे रं माझ्या राजा, घे, कार्ड घे, दे म्याडमला, आसं काय करतूस, दे की!" मी बघितलं तर म्हणाल्या, "मी कुटं बोलले?"

काम सुरू करताना मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या केंद्रप्रमुखांनी, मला एकच कायदा पाठ करून घ्यायला लावला होता. दिलेलं कार्ड नाकारायचं नाही. 'तोंडानं म्हण बघू' म्हणायचं नाही, 'थांब जरा' म्हणायचं नाही, आणि कार्ड लपवायचं तर नाहीच नाही.

नरूचं पूर्ण नाव नरहरी. वय सात. त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याच्या आईला, रुक्मिणताईंना, म्हणाले होते, "किती गोड मुलगी आहे!" अंगण हसलं. कमरेपर्यंत वेणी, वेणीला लाल रिबन, खाली खाकी चड्डी. गयाबाई आजी म्हणाल्या, "पोरगं हाय ते, म्याडम. जावळ हाय त्याचं."

जावळ म्हणजे जन्मापासूनचे केस. पहिल्या एकदोन वर्षांत देवाच्या दारी नेऊन, मामाच्या मांडीवर बसवून ते काढतात. या घराचा देव पोखर्णीचा नरसिंह. पण दोन वर्षांचा झाला तरी नरू बोलेना, तेव्हा आजींनी देवाला शब्द दिला: लेकरू बोललं की जावळ देईन, तोपर्यंत कैची लागू देणार नाही. नवस असाच असतो, असं मला सांगण्यात आलं. आमच्या घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे आणि नवस-सायास नाहीत, त्यामुळं मला या विषयात बोलण्याचा काही अधिकार नाही असंच मी धरून चालले होते.

पाच वर्षांत देवाचं काही बिघडलं नाही, रुक्मिणताईंचं मात्र रोज सकाळी बिघडायचं. नरूला डोक्याला हात लावलेला सहन होत नसे. कंगवा दिसला की तो असा ओरडायचा की शेजारपाजारचे त्यावर घड्याळ लावायचे. "नरूची वेणी झाली, सात वाजले, चला," असं म्हणत बाया रानात निघायच्या. रुक्मिणताई मला एकदा हळूच म्हणाल्या, "ताई, बोलायचं तव्हा बोलंल तो. पर ह्या केसांचं काय तरी बघा की." मी म्हटलं, "बघू." हा माझा आवडता शब्द होता. त्यात कुणालाच हो म्हणावं लागत नाही.

नरूचं पहिलं कार्ड खारीचं. चहात बुडवून खारी खाणं हे त्याचं जगातलं सर्वांत मोठं सुख. तीन शनिवारांत तो स्वतः वही उघडून कार्ड द्यायला लागला. इतका खूश झाला की एका शनिवारी त्यानं कार्ड द्यायचं थांबवलंच नाही. दे कार्ड, घे खारी. दे कार्ड, घे खारी. पुडा संपला. दुकान लांब. मी घाबरले आणि गुपचूप खारीचं कार्ड काढून माझ्या पिशवीखाली सारलं.

नरूनं वही उघडली. ज्या जागी कार्ड होतं तिथं पट्टीचा रिकामा चौकोन होता. त्यानं तिथं बोट ठेवलं. बराच वेळ बोट तसंच होतं. मग त्यानं वही मिटली, जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसला.

पुढचे तीन शनिवार तो वहीवरच बसला. मी समोर दोन पुडे खारी घेऊन बसायचे, तो माझ्याकडं पाठ करून बसायचा. आजी म्हणाल्या, "लय चांगलं शिकवलं म्याडम. आता बसायला पाट झाला."

मोठ्या मॅडमना सांगताना मला रडू आलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. एवढंच म्हणाल्या, "त्यानं तुला हाक मारली आणि तू त्याच्या तोंडावर हात ठेवलास." मग त्यांनी समजावलं की वस्तू नसते तेव्हा ती नाही हे सांगणारी कार्डं लागतात. 'संपलं' लागतं आणि 'नंतर' लागतं. 'संपलं' सोपं, रिकामा पुडा दाखवला की झालं. पण 'नंतर'चं चित्र काढणार कसं?

माझी चित्रकला हा आजींचा करमणुकीचा विषय होता. मी काढलेल्या म्हशीला त्यांनी मांजर म्हटलं होतं आणि मांजराला देवीचं वाहन. तरी मी 'नंतर' काढायला बसले. आधी घड्याळ काढलं. "नरूच्या बापाला घड्याळ कळत न्हाई, नरूला कसं कळंल?" आजी म्हणाल्या. मग मावळता सूर्य काढला. "भाकर छान झाली." मग पुढं जाणारा एक बाण काढला. "ह्यो कुनाला मारायलाय?"

मी माझी चित्रांची वही बंद केली. तेव्हा आजींनी चुलीकडं हनुवटी केली. तिथं एका ताटावर दुसरं ताट पालथं घातलेलं होतं. नरूचे वडील रानातून जेवायला उशिरा येतात. त्यांचं ताट वाढून रोज असं झाकून ठेवतात. नरू वरचं ताट उचलून आत बघतो, परत झाकतो, पण खात नाही. वडील येतात, हात धुतात, वरचं ताट उचलतात, जेवतात. रोज.

"आमच्यात नंतर म्हंजी हे," आजी म्हणाल्या. "त्याला ठावं हाय. आत हाय, पर आत्ता न्हाई."

मी मोबाइलवर त्या झाकलेल्या ताटाचा फोटो काढला. माझ्या पिशवीतलं ते आजवरचं सर्वांत चांगलं कार्ड. त्यात माझी अक्कल अजिबात नाही, फक्त लॅमिनेशन माझं.

'नको'च्या कार्डाला मात्र आजींचा विरोध होता. "आधीच कुनाचं ऐकत न्हाई, त्यात नको म्हनायला कामून शिकवायलीस?" मी समजावलं की ज्याला नको म्हणता येत नाही तो ओरडतो, चावतो, डोकं आपटतो. ते त्यांना पटलं का माहीत नाही, पण त्याच दुपारी जेवताना रुक्मिणताई भाकरी वाढायला आल्या आणि आजींनी ताटावर आडवा हात धरला. तळहात पुढं, मनगटात हिरव्या बांगड्या. मी पटकन फोटो काढला. म्हणजे 'नको'चं कार्ड हा आजींचाच हात होता. "बग," त्या सुनेला म्हणाल्या, "मला इचारलं बी न्हाई आन् माझा हात घेऊन गेली."

माफी म्हणून मी आता नुसतं त्याचं ऐकत गेले. खडा असो, पान असो, त्यानं काहीही दिलं की घेतलं. हळूहळू नरू वहीवरून उठला. 'नको' त्यानं आधी वांग्याच्या भाजीला दिलं, मग आंघोळीला, मग पाहुण्यांना. एका शनिवारी मी दारात पाऊल टाकलं आणि त्यानं ते मला दिलं. कायदा कायदा असतो. मी पाच मिनिटं बाहेर उभी राहिले. पारावरचे काका म्हणाले, "काय म्याडम, पत्ता कट?"

नंतर आजी बहिणीकडं येलदरीला गेल्या. चार दिवस. पाचव्या दिवशी शनिवार होता, मी होते. आजी पिशवी घेऊन अंगणात आल्या. नरू पळत गेला नाही, बिलगला नाही, तो तसं करत नाही. तो वही घेऊन आला, घरच्या माणसांच्या पानावरचं आजींच्या फोटोचं कार्ड उपटलं आणि आजींच्याच हातात दिलं.

"मला मलाच कामून द्यायलाय रं?" आजी हसल्या.

रुक्मिणताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आत्याबाई, चार दिस तो तुमालाच मागायला होता. मला द्यायचा, ह्यांला द्यायचा, शेजारच्या काकूला बी दिलं. मी कुटून आनू तुमाला? मंग म्या तुमच्या फोटूशेजारी ते झाकल्यालं ताट लावलं. बघायचा, गप बसायचा. परत सांच्याला आनून द्यायचा."

आजी ओट्यावर बसल्या. स्वतःचा फोटो हातात धरून बसल्या. पिशवी तशीच खांद्याला होती. मग म्हणाल्या, "कव्हा येनार म्हनून इचारायला होता?"

"व्हय."

"मंग हे बोलनंच झालं की."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "खरं सांग पोरी. हे बोलनं धरायचं का न्हाई?"

एरवी मी 'बघू' म्हटलं असतं. 'तसं म्हणता येईल' म्हटलं असतं. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "धरायचं." त्यात माझा विश्वास होता. आणि रुक्मिणताईंच्या रोजच्या कंगव्याची सोयही थोडी होती, हेही कबूल करते.

गावात यावर चर्चा झाली. "पत्त्यावर कुटं नवस फिटतो का?" पारावरून विचारणा झाली. आजींनी जाता जाता उत्तर दिलं, "तुमी तोंडानं बोलताव. त्यात काय कामाचं बोलताव?" विषय संपला. पोखर्णीला जायचा दिवस ठरला.

मी जोरात तयारी केली. टमटम, मंदिर, मामा, नवे कपडे, पेढा, सगळ्याचे फोटो ओळीनं लावले, म्हणजे नरूला पुढं काय होणार ते आधी कळावं. शेवटी तुळतुळीत डोक्याच्या एका हसऱ्या मुलाचं चित्र लावलं. ते बघून नरू खळखळून हसला. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला. आता कळतं, टकलं डोकं बघून कुणीही हसतं. मधला वस्तऱ्याचा भाग मी दाखवलाच नव्हता. घाबरेल म्हणून. म्हणजे परत एक कार्ड लपवलंच होतं, फक्त या वेळी ते मुळात केलंच नव्हतं.

पोखर्णीला जाऊ का, असं घरी विचारलं तेव्हा माझे वडील म्हणाले, "आपल्याला नवसाचं काय न्हाई. पर तुझं लेकरू तिथं जातंय तर तू जा." आणि मी रुक्मिणताईंना बजावून सांगितलं होतं, वही सोबत पाहिजेच.

मंदिराबाहेर झाडाखाली दत्तूकाका न्हावी धोकटी उघडून बसले होते. दोऱ्यानं कानाला बांधलेला चष्मा, पांढऱ्या मिशा. नरूचे मामा नवी टोपी घालून पुढं बसले, नरूला मांडीवर घेतलं. रुक्मिणताईंनी रिबन सोडली. आजी नारळ धरून उभ्या. काकांनी ओंजळभर पाणी नरूच्या डोक्यावर घातलं, तसा तो आखडला. मग त्यांनी वस्तरा उघडला.

नरू ओरडला नाही. त्यानं मांडीवरची वही उघडली. चर्र. आणि दत्तूकाकांच्या ओल्या हातात कार्ड दिलं.

"हे काय हाय?" काका म्हणाले.

"काय न्हाई, लेकराचा खेळ हाय," मामा म्हणाले. "चालू द्या तुमी."

काकांनी धोतराला हात पुसला, चष्मा वर केला, कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "हात दिसायलाय. कुन्या बाईचा हाय. बांगड्या हायत." त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि त्यांची नजर नारळ धरलेल्या हातावर थांबली. "तुमचाच हाय की ओ!"

माणसं हसली. आजी हसल्या नाहीत.

"मंग काय म्हनायलाय गिऱ्हाईक?" काकांनी विचारलं. आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण ती भाषा त्यांच्यात मीच शिकलेली होते.

नवस माझा नाही, घर माझं नाही, देव माझा नाही. पायाची बोटं मातीत रुतवून मी उभी होते. 'काही नाही' म्हटलं असतं तर वस्तरा चालला असता, सगळ्यांचा दिवस गोड झाला असता. आणि नरू वही मिटून तिच्यावर बसला असता. या वेळी तो तीन शनिवारांत उठला असता असं मला वाटत नव्हतं. खारीसाठी हाक मारली तेव्हा मी तोंड दाबलं होतं. आता त्याचं डोकं होतं.

"नको म्हणतोय," मी म्हणाले.

"ओ म्याडम, ते काल म्हशीला बी कार्ड देत होतं!" मामा म्हणाले. परत हशा. "मोठ्या माणसांनी ठरवायचं का लेकरानं?"

"पाच साल वाट बघितली," आजी म्हणाल्या. त्या मामांशी बोलत नव्हत्या, कुणाशीच नव्हत्या. "बोलला म्हनून आनलं हितं. देवाला जबान दिलती."

तेव्हा रुक्मिणताई बोलल्या. त्या घरात त्यांना सासूसमोर मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "बोलला म्हनून आनलं ना, आत्याबाई? मंग बोलला ते ऐका की."

हे लिहिताना मला सांगितलंच पाहिजे की त्या जमलेल्या माणसांत ते केस जावेत असं सर्वांत जास्त वाटत होतं ते रुक्मिणताईंना. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कंगवा त्यांच्याच हातात असणार होता.

दत्तूकाकांनी वस्तरा मिटला. "मला लाथा बसल्यात, एकानं दंडाला चावलंय. रोज रडनारंच गिऱ्हाईक आमचं," ते म्हणाले. "पर हातात लिहून दिल्यासारखं न्हाई म्हननारं हे पयलंच. माझा तर हात चालंना बाबा. तुमी काय ते ठरवा."

नरू मामांच्या मांडीवरून उतरला. त्यानं काकांच्या हातातून कार्ड परत घेतलं, दोन पावलं चालून आजींपुढं आला आणि ते त्यांच्या हातात दिलं. आजींच्या तळहातावर आजींचा तळहात.

"माझाच हात मला दाखवायलाय," आजी म्हणाल्या. रागावून म्हणाल्या. पण कार्ड खाली ठेवलं नाही.

मग त्या खाली बसल्या, नारळ मांडीत घेतला आणि नरूकडं वही मागितली. त्यांना अक्षर येत नाही, पण त्या वहीचं पान न् पान त्यांना पाठ आहे. त्यांनी आधी 'नको' त्याच्या जागी नीट लावलं. मग दोन पानं उलटली. चर्र. झाकलेल्या ताटाचं कार्ड काढलं, नारळावर ठेवलं आणि आत गेल्या.

मी खांबाजवळ उभी राहून बघत होते. त्यांनी नारळ पुढं ठेवला, कार्ड त्याला टेकवून उभं केलं, चित्र देवाकडं. डोकं टेकलं. पुजाऱ्यांनी विचारलं, "आजी, हे काय आणलं?"

"तुमाला न्हाई ते," आजी म्हणाल्या. "ज्याला हाय त्याला कळतंय."

बाहेर आल्या तेव्हा रुक्मिणताईंनी घाबरत विचारलं, "आत्याबाई, देव घेईल का ते?"

"घ्यावंच लागतंय," आजी म्हणाल्या आणि माझ्याकडं बघितलं. "दिलेलं कार्ड नाकारायचं न्हाई. म्याडमचा कायदा हाय."

दत्तूकाकांना बिदागी दिली, ती ते घेईनात. मामांनी नरूसाठी आणलेली टोपी त्याच्या केसांवरच घातली. पेढे वाटले. कशाचे म्हणून कुणी विचारलं नाही.

येताना टमटममध्ये नरू माझ्याशेजारी होता. त्यानं वही उघडली. एका पानावर पट्टीचा रिकामा चौकोन होता. त्यानं तिथं बोट ठेवलं. मी त्या चौकोनाकडं बघत राहिले, तो त्याच्याकडं. मग त्यानं पान उलटलं, खारीचं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. माझ्या पिशवीत पुडा होता. आता असतोच.

केस अजून आहेत. मी बाहुलीची वेणी कापून दाखवते, कैचीचं कार्ड केलंय, कंगव्याचं केलंय. कंगव्याला नरू कधी 'नको' देतो, कधी 'नंतर', त्यामुळं वेणीची वेळ आता ठरलेली नाही आणि बाया रानात उशिरा पोचतात. त्याचा दोष माझ्यावर आहे. पारावरचे काका विचारतात, "काय म्याडम, देवाकडून उत्तर आलं का?"

तो दोष मी आनंदानं घेते. एका गोष्टीची मात्र मला अजून लाज वाटते. पोखर्णीहून आल्यानंतरच्या शनिवारी नवं कार्ड करायचं होतं, कारण जुनं देवाकडं राहिलं. मला परभणीची गाडी गाठायची होती. जेवणाला वेळ होता. मी फळीवरची दोन घासलेली ताटं घेतली, एकावर एक पालथं घातलं आणि मोबाइल काढला. फोटोत फरक काय पडणार होता?

आजींनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "बस. भाकरी होऊ दे. त्याच्या बापाचं ताट वाढू दे, मंग काढ. रिकामं ताट झाकून फोटू काढू नकू."

"आजी, वरून दिसत नाही."

"देवाला दिसत नसंल," आजी म्हणाल्या. "नरू उचलून बघतो."

मी बसले. गाडी गेली.